पेटी आजच उघडली

आनंदराव मेश्राम गुरुजी पवनी तालुक्यातल्या एका खेड्यात चौथीचा वर्ग घेत. बावीस वर्षांच्या नोकरीत मनापासून आवडलेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत यंदाची मोना. पाढ्यांत कच्ची, अक्षर गिचमिड, पण प्रत्येक गोष्टीचं कारण, ‘काहून’, विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. खिचडी वाढताना पहिलीतली पोरं मागे ढकलली गेली, की ही मोठ्यांशी भांडायला उभी. अंगात ताप असला तरी शाळा चुकवायची नाही. गुरुजी तिला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवत.

जुलैत शिक्षण विभागाचे साहेब तपासणीला आले. विज्ञानाच्या साहित्याची पेटी दोन वर्षं कुलपात पडली होती; मुख्याध्यापकांनी ती सकाळीच पुसून टेबलावर मांडली. साहेबांनी सहज विचारलं, “यातून प्रयोग करता ना रे?”

“होऽऽ!” वर्ग ओरडला.

मोना उठून उभी राहिली. “नाही सर. पेटी तं आजच उघडली.”

आठवड्याभरात मुख्याध्यापकांना आणि आनंदरावांना नोटीस आली. “तुमच्याच लाडाची पोरगी,” मुख्याध्यापक म्हणाले, “आवरा तिला.” गुरुजींना राग खरं तर स्वतःचा आला होता, पेटीची चावी त्यांनीही कधी मागितली नव्हती. निघाला मात्र तो पोरीवर. भरवर्गात ते म्हणाले, “तुले कोनं विचारलं होतं? जास्त शहानी झाली काय?” आणि तिला शेवटच्या रांगेत बसवलं. पोरं हसली.

त्यानंतर मोनाने हात वर केला नाही. मग पोटात दुखतं म्हणून ती घरी राहू लागली. मग धानाची रोवणी सुरू झाली आणि शाळा सोडून ती आईबरोबर बांधीवर, भाताच्या खाचरात, जाऊ लागली. गुरुजी तिथवर गेले. चिखलातून वर येत तिची आई रुपा म्हणाली, “तुमीच तं शिकवलं नं गुरुजी, खरं बोलाचं म्हून?”

मोना शेताच्या कडेच्या धुऱ्यावर पाठ फिरवून बसली होती. ‘चुकलं माझं’ हे शब्द गुरुजींच्या अगदी ओठांशी आले.

“हजेरी कमी पडते,” ते म्हणाले. “उद्यापासून पाठवा.”

ती आली. रोज आली. फळ्यावरचं मुकाट उतरवायची आणि घंटा झाली की दप्तर उचलायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रगतिपत्रकं भरताना गुरुजींचं पेन तिच्या नावाशी बराच वेळ अडलं. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘शांत. शिस्तीत बसते.’

पालकसभेत रुपाने उभ्याउभ्याच ते वाचलं. “म्हंजे सुधारली म्हना,” ती म्हणाली.

गुरुजींनी पुढच्या पालकाचं नाव पुकारलं.