माझ्या हातानं खोडलेलं नाव

सेक्रेटरींच्या वहिनींनी ताट माझ्या हातातून काढून घेतलं. ओढून नाही. अगदी हळूच, दोन्ही कडांना धरून, मी दमले असेन म्हणून घेतात ना, तसं. "दे गे इकडे. माझी भाची धरेल."

समोर साठ माणसं बसली होती, सतरंजीवर, मांडीला मांडी लावून. वीणा नुकतीच थांबली होती. वीणा वाजवणाऱ्या बाई पदर सावरून मानाचं ताट घ्यायला उभ्या राहिल्या होत्या. ताटात नारळ, विड्याची पानं, सुपारी, कुंकवाची पुडी, मोगऱ्याचा गजरा. सगळं मीच लावलेलं. सात महिने मीच लावत होते आणि मीच धरून उभी राहत होते. त्या संध्याकाळी सेक्रेटरींच्या वहिनी पुढे आल्या, ताट घेतलं, भाचीकडे दिलं. भाची आत गेली आणि नारळ बदलून आली. मी हात लावलेला नारळ आत राहिला.

माझे हात तसेच पुढे. रिकामे. ते कुठं ठेवावेत तेच कळेना. कानशिलं तापली. टाळ्या वाजल्या, त्या वीणेसाठी होत्या, तरी मला वाटलं माझ्यावरच वाजतायत.

बाहेर येऊन मी पायऱ्यांवर बसले. असं का झालं हे मला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं. ते तुम्हाला सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

ही मद्रासमधली जुनी सभा, म्हणजे गाण्याची-व्याख्यानांची संस्था. मैलापूरच्या बाजूला, उंच खांबांची, लाल फरशीची. व्याख्यानाला एक दालन आणि गाण्याला आतली एक साठेक माणसांची खोली. त्या खोलीत माईक लावत नसत, कारण कलावंताचा श्वाससुद्धा ऐकू यायला हवा, असं सेक्रेटरींचं म्हणणं. सेक्रेटरी तंजावरच्या मराठी घराण्यातले. तीनशे वर्षांपूर्वी आलेली ही मंडळी. मराठी बोलत, पण तमिळच्या चालीवर, आणि शब्द असे जुने की मला हसू येई. मी तिथं टायपिस्ट. वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर, नागपूरकडून बदली होऊन आलेले. आम्ही अंबत्तूरच्या पुढं क्वार्टरमध्ये राहायचो. तिथून लोकल, मग बस, मग सभा.

मला घेतलं तेच मुळी मराठी येतं म्हणून. सेक्रेटरी आल्यागेल्याला सांगत, आपल्याकडे एक महाराष्ट्राची मुलगी अहे, किती शुद्ध बोलते पाहा. आडनाव त्यांनी विचारलं होतं. मी सांगितलं होतं. ते खूश झाले, शेवटी 'कर' आहे म्हणून. आडनाव ऐकून जात ओळखायची आपल्याकडची जी विद्या आहे ना, ती या लोकांची तीनशे वर्षांत गळून पडली होती. नागपुरात वाण्यानं ओळखलं असतं, पोस्टमननं ओळखलं असतं. इथं नाही. त्यांनी मला आपल्यातली धरली आणि ताट हातात दिलं. मी काही लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. खरं सांगायचं तर, न विचारलेलं मला बरं वाटत होतं. ही माझी चूक. ती मी कबूल करते.

माझं मुख्य काम पत्रकाचं. पुढच्या महिन्यात कुणाचं व्याख्यान, कुणाची बैठक, याची यादी. टाइपरायटरची रिबन बंद करून स्टेन्सिलच्या मेणकागदावर अक्षरं कापायची, चुकलं तर लाल औषधाचा ब्रश फिरवायचा, फुंकर घालायची, वाळलं की वरून पुन्हा टाइप करायचं. मग स्टेन्सिल यंत्राच्या रुळावर चढवून हँडल फिरवायचं. तीनशे प्रती. हँडल फिरवताना मी गुणगुणायची. सवय लागली होती. आईच्या ओव्या.

आईनं गावी जात्यावर म्हटलेल्या त्या ओव्या. मद्रासला जातं आलं नाही. इथं शेजारणींनी तिला इडलीचं पीठ वाटायचा तो मोठा दगडी रगडा दिला, ज्यात वरवंटा उभा धरून गोल फिरवतात. आई त्यावर ओव्या म्हणू लागली. पण जात्याचा फेरा मोठा आणि रगड्याचा आखूड. ओवीचं तिसरं चरण त्यात मावेना. मग तिनं ते तोडलं, मधे एक हुंकार घातला, आणि ओवीची चालच बदलली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी मात्र सगळं वहीत टिपत होते. ओव्या कसल्या? पाणवठ्यावरून हाकलल्याच्या. बाप मेलेली गुरं ओढायचा ते सोडल्याच्या. धम्म घेतला त्या दिवशी पांढरं लुगडं नेसल्याच्या.

सेक्रेटरींनी एकदा दाराआडून ऐकलं. चाल ऐकली, शब्द नाही. आत आले, म्हणाले हे काय म्हणतेस गे? मी जातं, रगडा, तुटलेलं चरण, सगळं समजावलं. ते खुर्चीत बसून ऐकत राहिले. मग म्हणाले, पुढच्या महिन्यात मराठी व्याख्यानाच्या शनिवारी तू बोल. अर्धा तास. आईला घेऊन ये, ती म्हणेल.

त्या दिवशी अंबत्तूरपर्यंत मी उभ्यानं गेले आणि पाय दुखले नाहीत. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मले काहून? मी अडाणी." पण दुसऱ्या दिवसापासून रगड्यावर बसली की घसा साफ करून म्हणायची. बाबांनी कारखान्यात चार जणांना सांगून टाकलं. मी स्टेन्सिल कापली. तिसरा शनिवार, विषय, आणि पुढं माझं नाव. सभेच्या यादीत आमच्या घरातलं पहिलं नाव.

तेवढ्यात पुण्याचे एक प्राध्यापक आले. सभेच्या ग्रंथालयात तंजावरचे मोडी कागद आहेत, ते बघायला महिनाभर. हुशार माणूस, आवाज मऊ. माझं मराठी ऐकून म्हणाले, कुठल्या तुम्ही? आडनाव? मी सांगितलं. ते "अच्छा, अच्छा" म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत ती विद्या जागी झालेली मी बघितली. गाव कुठलं, वडील काय करतात, मूळ धंदा काय. मग अगदी सभ्यपणे: "म्हणजे नवबौद्ध ना?"

"हो," मी म्हणाले. मान खाली घातली नाही.

दुपारी ते आणि सेक्रेटरी व्हरांड्यात कॉफी पीत बोलत होते. संध्याकाळी वीणेची बैठक. आणि ते ताट. आता कळलं ना, पायऱ्यांवर बसून मला सगळं का ठाऊक होतं?

सोमवारी सेक्रेटरींनी बोलावलं. स्टेन्सिल टेबलावर होती. माझ्याकडे न बघता बोलत होते. समितीतली जुनी माणसं आहेत, मला स्वतःला काही नाही, पण सभेचं नाव मोठं. विषय उत्तम आहे, तो राहील. प्राध्यापकांनी बोलायला होकार दिलाय. तू समोर बसून ओव्या म्हण, त्यांना उदाहरणं लागतील. आईला आणू नकोस, उगाच तिला अवघडल्यासारखं होईल. आणि ती वही त्यांना वाचायला दे.

मग लाल औषधाची बाटली त्यांनी माझ्याकडे सरकवली. "नाव तेवढं काढ. विषय राहू दे. नाव नक्को."

आणि मी काढलं.

हे मला सांगायचंय. कुणी माझा हात धरला नव्हता. मी मशीनपाशी बसले, ब्रश बुडवला, माझ्या नावावर फिरवला. एकेक अक्षर नीट झाकलं, मी कामाची चोख ना! फुंकर घातली. वाळल्यावर वरून प्राध्यापकांचं नाव टाइप केलं, एम.ए., पीएच.डी.सकट. हँडल फिरवलं. तीनशे प्रती. त्या दिवशी गुणगुणले नाही. घड्या घातल्या, पत्ते लिहिले, पोस्टात टाकल्या. वहीसुद्धा नेऊन दिली. इतकी मी आज्ञाधारक.

घरी एक प्रत नेली होती. का नेली कोण जाणे. आईनं हात पुसले, पत्रक दोन्ही हातांत घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "यात माह्या पोरीचं नाव कोणतं?"

मी प्राध्यापकांच्या नावावर बोट ठेवलं.

आईनं त्या नावावरून हात फिरवला. मायेनं, माझ्या केसांवरून फिरवते तसा. मग भाताची दोन शितं घेऊन पत्रक दारामागच्या भिंतीवर चिकटवलं. शेजारणीला बोलावून दाखवलं.

चार दिवस ते नाव भिंतीवर होतं आणि मी त्याच्या खाली बसून जेवत होते. पाचव्या दिवशी सकाळी आई रगड्यावर बसली आणि तीच ओवी म्हणू लागली, पांढऱ्या लुगड्याची. मला सहन झालं नाही. सगळं सांगून टाकलं. ताट, नारळ, प्राध्यापक, ब्रश, भिंतीवरचं नाव. वाटलं, रडेल. किंवा म्हणेल, जाऊ दे, नोकरी जाईल.

आईनं वरवंटा थांबवला. मोठ्या लोकांचं तिला काहीच नवल वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "पण तू काहून खोडलं? त्याचे हात मोडले होते काय?"

तिनं वरवंट्याचं पीठ बोटानं निपटलं.

"त्यानं खोडलं असतं तर पाप त्याचं होतं. आता तुलेही चिकटलं ना."

त्या घटकेला माझ्या डोक्यातलं काहीतरी सरळ झालं. अपमान त्यांनी केला होता, मान्य. पण त्यासाठी त्यांना हात लागत होता, आणि तो मी फुकट पुरवला होता. तो माझा होता, तर तो काढून घेणंही माझ्याच हातात होतं.

तिसऱ्या शनिवारी मी आईला घेऊन गेले. ती घाबरली होती, पण आली. ओव्या म्हणायच्या म्हणून कार्यक्रम आतल्या गाण्याच्या खोलीत होता; ती शेवटच्या ओळीत बसली. प्राध्यापक माझी वही उघडून बोलत होते. सुंदर बोलत होते. जातं, रगडा, तुटलेलं चरण, अगदी मी सांगितलं तसं, फक्त "माझ्या निरीक्षणात आलं" असं म्हणून. पाणवठ्याची ओवी त्यांनी वगळली. गुरांची वगळली. लुगड्याची ओवी घेतली, आणि तिला सणाची ओवी म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, आता या आपल्याला थोडं म्हणून दाखवतील.

मी उठले. टेबलाजवळ गेले आणि वही उचलली.

"या ओव्या माझ्या आईच्या आहेत. ती तिथं मागं बसली आहे. पत्रकावर माझं नाव होतं, ते मी या सभेच्या सांगण्यावरून माझ्या हातानं खोडलं, कारण आम्ही कोण ते यांना कळलं. लुगड्याची ओवी सणाची नाही. आम्ही माणूस झालो त्या दिवसाची आहे. आज आम्ही गाणार नाही."

माईक नसलेल्या खोलीत सगळं ऐकू जातं. कुणीतरी खोकलं. सेक्रेटरींच्या वहिनी पदर बोटांना गुंडाळत राहिल्या. आई उठली, मला वाटलं तिला गलबलून येईल, पण तिनं फक्त चपला शोधल्या. आम्ही बाहेर पडलो. सेक्रेटरी मागं धावत आले. तुला आम्ही घरच्यासारखं वागवलं, म्हणाले. मी थांबले नाही.

सोमवारी मात्र मी कामावर गेले. हो, गेले. का नाही जायचं? मशीनवरचं झाकण काढून बसले. सेक्रेटरी दारात उभे राहून म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस, बरं दिसत नाही.

"कागदावर द्या," मी म्हणाले. "कारणासकट."

सभेत टाइप करणारी मी एकटी. माझं काढून टाकल्याचं पत्र टाइप करायलाही त्यांच्याकडे मीच होते. त्यांनी कागद माझ्या मशीनकडे सरकवला, सवयीनं. मी हात मांडीवर ठेवले. शेवटी ते स्वतः बसले, पेन काढलं, आणि वेड्यावाकड्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या. कारण लिहिताना पेन थांबलं. मी उठून वाट बघत उभी राहिले. त्यांनी कारण लिहिलं नाही. सही तेवढी केली.

ते पत्र घेऊन मी निघाले. त्यानंतर तीन ठिकाणी काम केलं. दोन ठिकाणी आडनाव ओळखलं गेलं, एका ठिकाणी मी स्वतःच पहिल्या दिवशी सांगून टाकलं. खोडणारे सगळीकडे भेटले. अजून भेटतात, आणि अजूनही मऊ आवाजात बोलतात. मला त्यांना एवढंच सांगायचंय. माझं नाव खोडायचं असेल तर स्वतःच्या हातानं खोडा, खाली सही करा, आणि कारण लिहा. माझा हात मिळणार नाही.