हिरवा, लाल आणि माहीत नाही

माझ्या ॲपवर एक करडा पडदा आहे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘माहीत नाही’ असं लिहिलेलं आहे. हे दोन शब्द काढून टाका असं मला समजावून सांगितलं गेलं, रागावून सांगितलं गेलं, एकदा तर चहाबरोबर बिस्किटं पुढे करून सांगितलं गेलं. बिस्किटं मी खाल्ली. शब्द काढले नाहीत आणि काढणारही नाही.

ॲप तसं लहानसंच आहे. मूल तालुक्यात जंगलाला अगदी चिकटून असलेल्या काही गावांसाठी मी ते केलं, त्यातलं एक गाव माझं. चंद्रपुरात भाड्याच्या खोलीत बसून मी पोटापाण्यासाठी असले प्रोग्राम लिहिते. हे काम मला एका संस्थेनं दिलं, तिनं आमच्या भागात जंगलात कॅमेरे लावलेत. वाघ कुठे दिसला, कोणत्या नाल्यानं गेला, हे त्यांची माणसं रोज पहाटे एका वेबपानावर टाकतात. माझा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी ते पान मागवतो, वाचतो आणि गावाच्या नावापुढे रंग लावतो. वाघ जवळ असेल तर लाल, नसेल तर हिरवा. सुरुवातीला हे दोनच रंग होते. मोहफुलांच्या दिवसांत बाया उजाडताच टोपल्या घेऊन निघतात आणि निघण्याआधी हा रंग बघतात. माझी आई त्या बायांमधली एक.

त्या पानाला कुलूप आहे. नाव आणि पासवर्ड दिल्याशिवाय ते उघडत नाही. ते कुलूप मला पटतं, कारण वाघ आत्ता कुठे आहे हे गावोगाव जाहीर करणं म्हणजे शिकाऱ्याच्या हातात पत्ता देणं. म्हणून माझा प्रोग्राम बायांना फक्त रंग दाखवतो, जागा दाखवत नाही. कुलूप जुन्या पद्धतीचं आहे. माझे वडील गडचांदूरला सिमेंट कारखान्यात होते. तिथला फाटकावरचा पहारेकरी वीस वर्षं रोज तोंड बघूनही पास मागायचा, डबा विसरला म्हणून बाहेर येऊन पुन्हा आत गेलं तरी मागायचा. हे पानही तसंच. दर वेळी मागताना नाव-पासवर्डाची जोडी बरोबर पाठवावी लागते. ती पाठवताना अक्षरांचं रूप बदलतात खरं, पण त्याला लपवणं म्हणत नाहीत, उलटा घातलेला सदरा कुणीही सुलटा करू शकतो. म्हणून सगळी ये-जा मध्ये कुणाला डोकावता येणार नाही अशा बंद वाटेनंच झाली पाहिजे यासाठी मी संस्थेशी आधी महिनाभर भांडले होते. त्या भांडणात जिंकले आणि स्वतःला फार हुशार समजू लागले.

मग एप्रिलमध्ये एका सकाळी आईचा फोन आला.

“तुह्या मोबाइलात हिरवं होतं,” ती म्हणाली. नमस्कार नाही, जेवलीस का नाही. “आमच्या मोहाखाली वाघिनीचे पंजे हायेत. मोठे एक, अन् लहान लहान दोन.”

मोहाखालची जागा आई रोज झाडून ठेवते, फुलं मातीत हरवू नयेत म्हणून. झाडलेल्या मातीत पंजा असा उमटतो की बोटं मोजावीत. बछड्यांची आई तिथून गेली तेव्हा माझी आई वाटेत होती. दोघींमध्ये फार तर पाव तासाचं अंतर असेल.

मी संगणक उघडला. तीन दिवस ते पान माझ्या प्रोग्रामला दारातूनच परत पाठवत होतं. प्रत्येक वेळी एकच उत्तर, चारशे एक. आमच्या धंद्यात त्या आकड्याचा अर्थ सरळ आहे: आधी तू कोण ते नीट सांग, मग बोलू. पण माझा प्रोग्राम आकडा बघतच नव्हता. आलेल्या मजकुरात आमच्या गावाचं नाव आहे का, एवढंच तो शोधायचा. ‘प्रवेश नाही’ असं सांगणाऱ्या पानावर आमच्या गावाचं नाव कशाला असेल? नाव नाही म्हणजे वाघ नाही, वाघ नाही म्हणजे हिरवा. तीन दिवस माझ्या हातानं मी माझ्या आईला जंगलात पाठवत होते.

पासवर्ड बदलला होता, एवढंच झालं होतं. संस्थेच्या ऑपरेटरनं तो बदलला आणि त्याचं कारण योग्य होतं, जुना पासवर्ड कागदावर लिहून संगणकाला चिकटवलेला होता आणि कार्यालयात येणारा-जाणारा तो वाचून जायचा. नवा पासवर्ड त्यानं इमानदारीनं सगळ्यांना सांगितला. पण आमच्याकडे महत्त्वाची गोष्ट सांगायची जागा म्हणजे चहाची टपरी, आणि माझा प्रोग्राम चहा पीत नाही. तरीही मी ऑपरेटरला दोष दिला नाही. पासवर्ड तर बदलणारच. दार न उघडल्यावर मी जे केलं, ते खोटं होतं.

नवा पासवर्ड भरून मी दुपारच्या एसटीनं गावी गेले. खरं तर माफी मागायला गेले होते, पण माफीचे शब्द आमच्या घरात कुणाला येत नाहीत. दुसऱ्या दिवशी आईबरोबर मोह वेचायला गेले. झाडं लांब लांब, बाया एकमेकींना दिसत नाहीत. थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी हाक देते आणि प्रत्येक झाडाखालून पाळीपाळीनं ‘ओ’ येते. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, इतकं की कधी लक्षच दिलं नाही. त्या दिवशी एका झाडाखालून ओ आली नाही. आईनं टोपली जागच्या जागी ठेवली. बाकीच्यांनीही ठेवल्या असणार, कारण मिनिटभरात आठ-दहा बाया काठ्या आपटत त्या झाडाकडे निघाल्या. तिथे माझी चुलतवहिनी कानात इयरफोन घालून गाणी ऐकत फुलं वेचत होती. तिला ज्या शिव्या बसल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

परत येताना मी आईला म्हटलं, “ती कामात असेल असं नाही वाटलं तुला?”

“वाटलं तं काय करू?” आई म्हणाली. “ओ नाई आली म्हनजे ठीक हाये असं कोन म्हनते व? ओ नाई आली म्हनजे ओ नाई आली. मंग पाहाले जा लागते.”

ही बाई तिसरीत शाळा सोडलेली. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, आणि माझ्या प्रोग्रामनं तीन दिवस ओ न आलेल्याला ठीक आहे म्हटलं. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. रागही तितकाच आला, आणि राग मला जास्त उपयोगी पडतो.

चंद्रपुरात परतल्यावर सगळ्यात आधी मी तो भाग पुसून नव्यानं लिहिला. आता प्रोग्राम पहिल्यांदा आकडा बघतो. दोनशे आला, म्हणजे दार उघडलं, तरच मजकूर वाचायचा. चारशे एक आला तर नाव-पासवर्ड चुकले, मला लगेच फोनवर कळवायचं. काहीच आलं नाही तर तेही कळवायचं. आणि या सगळ्या वेळी बायांच्या पडद्यावर करडा रंग: ‘माहीत नाही. एकटीनं जाऊ नका.’

आठवड्याभरात संस्थेच्या प्रकल्पप्रमुख साहेबांनी बोलावलं. बिस्किटं तेव्हाचीच.

“दोन रंग ठरले होते,” साहेब म्हणाले.

“हो.”

“हे ‘माहीत नाही’ बरं दिसत नाही. वर आमच्या संस्थेचं चिन्ह आहे. लोक म्हणतील, यांनाच माहीत नाही.”

“सर, पासवर्ड चुकतो तेव्हा खरंच माहीत नसतं.”

“मग शेवटचा माहीत असलेला रंग ठेवा ना. काल हिरवा असेल तर आजही हिरवा दाखवा. लोक उगाच घाबरतात.”

मी त्यांना पंज्यांचं सांगितलं. माझी आई होती हेही सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी खरोखर हळहळ व्यक्त केली, आणि हळहळून झाल्यावर म्हणाले, “तरी ते काढा.”

“नाही काढणार.”

“म्हणजे?”

“म्हणजे दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. माझ्या हातानं मी पुन्हा खोटा हिरवा लावणार नाही.”

असं मी कुणा साहेबाशी आयुष्यात बोलले नव्हते. बाहेर येऊन स्कूटीला किल्ली लावली, तेव्हाही शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे फोन वाजला: चारशे एक. पासवर्ड पुन्हा बदलला होता, आणि या वेळी टपरीवरही कुणाला सांगितला नव्हता. ऑपरेटरला विचारलं तर तो कसनुसा होऊन म्हणाला, “ताई, मले सांगाले मनाई हाये.”

सगळी गावं करडी झाली. सकाळभर मी भिंतीकडे बघत बसले. दोन ओळी बदलल्या असत्या तर साहेब खूश, पासवर्ड हातात आणि बायांना निदान खरा लाल तरी दिसला असता. हा विचार मी केला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण पुढच्या वेळी पासवर्ड बदलला की पुन्हा खोटा हिरवा लागला असता, आणि त्या दिवशी मोहाखाली कोण असेल ते कुणी सांगावं? मी दोन ओळी बदलल्याच, पण वेगळ्या. करड्या पडद्यावर ‘माहीत नाही’च्या खाली लिहिलं: ‘माहिती या कार्यालयात आहे’, आणि कार्यालयाचा फोन क्रमांक टाकला. तो त्यांच्या पाटीवरही आहे, मी काही चोरलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून त्या कार्यालयाचा फोन थांबला नाही, हे मला ऑपरेटरनं नंतर सांगितलं. आईनंही केला. साहेबांनी तिला तांत्रिक अडचण असल्याचं सांगितलं. माझी आई तांत्रिकाला भिणारी नाही.

“साहेब, वाघ कुठी हाये ते तुमाले माहीत हाये का नाई?”

“आहे, पण…”

“मंग आमाले काऊन सांगून नाई राह्यले? पोरीनं तं खरंच लिवलं. आमाले माहीत नाई. त्याच्यात खोटं काय हाये?”

दुपारी ऑपरेटरचा निरोप आला, त्यात फक्त नवा पासवर्ड होता. मी तो भरला आणि गावं एकेक करून रंगू लागली. आमच्या गावापुढे लाल आला.

करडा पडदा राहिला, फोन क्रमांकासकट. साहेब माझ्याशी आता फार बोलत नाहीत आणि पुढच्या हंगामाचं काम मला मिळेल असं वाटत नाही. नको मिळू दे.

मोहाचे शेवटचे दिवस होते तेव्हा एका सकाळी पुन्हा चारशे एक आला. ऑपरेटरनं पासवर्ड टंकताना चूक केली होती. दुरुस्त व्हायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात आईचा फोन आला. तिच्या झाडाखालची फुलं हरणं खाऊन जातील, मला एक काम धड जमत नाही, शिकवलं ते पाण्यात गेलं, असं ती न थांबता बोलत होती. मी मध्येच विचारलं, “तू आहेस कुठे?”

“कुठी म्हनजे?” आई ओरडली. “घरीच हाये. ओट्यावर बसून राह्यली रिकामी टोपली घेऊन.”

मी म्हटलं, “बोल अजून.”