वेचलेले दगड

अन्नपूर्णेच्या तोंडी लागायला ट्रकवालेही कचरायचे. वर्ध्याबाहेरच्या एका खासगी वीजघरात ती कोळशाचे नमुने तयार करी. कुणी वरचा चकाकता कोळसा पुढं केला की तिचं डोकं फिरायचं. "वरवरचं काय दाखवून राह्यला रे? पोरगी पाहाले आलो का आम्ही? खालून उकर."

उकरलेला कोळसा फोडायचा, ढिगाचे चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकीचे टाकायचे. असं करत थोडा उरला की मशीनमध्ये दळायचा. ती भुकटी जाळून प्रयोगशाळेत राख मोजत. राख कमी, तर कोळसा चांगला आणि कोळसा पुरवणाऱ्याला भावही जास्त. पण दळायच्या आधी अन्नपूर्णा त्यातले दगड वेचून काढी, तुरीच्या डाळीतले काढावेत तसे. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दगडासकट दळायला तिचा हातच धजत नसे. सुपरवायझर रजत ते रोज बघायचा आणि म्हणायचा, "मावशी, तुमचा हात लय साफ हाये."

तिचा नवरा प्रेमदास तिथंच बॉयलरखाली कामाला होता. गेल्या आठवड्यात वितळलेल्या राखेचे गोळे बॉयलरच्या तळाशी धरून बसले. तो सळईनं ते पाडायला गेला, एक धगधगता गोळा एकदम सुटला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

सेवाग्रामच्या दवाखान्यात तो तिला म्हणाला, "कोळशात नुसते दगड येऊन राह्यले, म्हनून गोळे धरते. पण साहेब म्हनते, रिपोर्ट चांगला हाये, कोळसा बरा हाये, तूच निष्काळजीपणा केला. उद्या चौकशी लावून कामावरून काढतेत मले."

अन्नपूर्णेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिपोर्ट तिच्याच हातच्या भुकटीचा होता. तिनं वेचून फेकलेले दगड राखेत कधी धरलेच गेले नव्हते, आणि ट्रकमधले बाकीचे सगळे बॉयलरमध्ये जात होते. स्वतःच्या हातांची तिला चीड आली. पण त्याहून जास्त त्या रजतची. तिला कळत नव्हतं, त्याला तर कळत होतं. मेला रोज उभा राहून बघायचा आणि वर कौतुक करायचा.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत कुणी बोलावलं नसताना ती शिरली आणि खुर्ची ओढून बसली. रजत तिथंच होता.

"नमुन्यातले दगड मी वेचत होती, म्हनून रिपोर्ट चांगला येत होता," ती म्हणाली. "ह्या रजतसाहेबानं रोज पाह्यलं, एका शब्दानं टोकलं नाई. काऊन टोकलं नाई, ते त्यायले इचारा."

रजत खिडकीबाहेर बघू लागला. मॅनेजर म्हणाला, "बाई, म्हणजे चूक तुमची झाली. तुमची नोकरी जाईल, समजतंय का?"

"समजते. चूक माही, लिहा. पण मंग माह्या माणसाची नाई, हेही लिहा. आधी ते लिहा."

तिनं टेबलावरचा कागद त्याच्यापुढं सरकवला आणि तो लिहीपर्यंत खुर्चीवरून उठली नाही.