लेकीची पिवळी गाडी

आमच्या लेकीची बाबागाडी भाजीबाजारात मोडली. पुढचं एक चाक निघालं आणि उतारावरून घरंगळत जाऊन एका टोमॅटोवाल्या मावशींच्या पाटीखाली शिरलं. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती आणि गाडी होती तीन वर्षांच्या मुलांची. तिच्यात बसवलं की तिचे गुडघे पोटाशी यायचे. पण तिला सेरेब्रल पाल्सी आहे, चालता येत नाही, आधार नसला की ती एका बाजूला कलंडते. बाहेर न्यायला आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. म्हणजे एका शिबिरात मिळालेली व्हीलचेअर होती, पण ती मोठ्या माणसाच्या मापाची. तिच्यातून लेक घसरत घसरत खाली यायची. शेवटी ती खुर्ची गॅलरीत गेली आणि आम्ही तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागलो.

मावशींनी वाकून चाक काढून दिलं. "आता लहान झाली गं तिला ही गाडी," त्या म्हणाल्या. मी लेकीला कडेवर घेतलं, भाजीची पिशवी गाडीच्या दांड्याला अडकवली आणि तीन चाकांची गाडी ओढत घरी निघाले. लेकीला ते पळालेलं चाक इतकं आवडलं होतं की ती घरापर्यंत हसत होती. ती हसली की तिचं अंग फळीसारखं ताठ होतं. अकरा वर्षांची फळी कडेवर घेऊन सिडकोतला चढ चढताना मला रडायला यायला हवं होतं, पण तिचं बघून मीही हसायला लागले आणि दोनदा खाली टेकावं लागलं.

संध्याकाळी नवरा कंपनीतून आला. तो अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर लोकांनी बनवलेल्या वस्तूंत खोट काढायचा त्याला पगार मिळतो आणि घरी आल्यावर तो हेच काम फुकट करतो. त्याने चाक हातात फिरवून पाहिलं. "वेल्डिंग मारून होईल," तो म्हणाला. मग लेकीकडे, तिच्या लांब पायांकडे बघून म्हणाला, "पण नको."

माझ्या नवऱ्याला चारचाकी घ्यायची होती. आमचं लग्न झाल्यापासून घ्यायची होती. आमच्याकडे स्कूटर, पण कुठल्या कारचं ग्राउंड क्लिअरन्स किती, डिकीत किती बॅगा मावतात, सगळं त्याला पाठ. बँकेत एक ठेव होती, तिला आम्ही 'गाडीचं खातं' म्हणायचो. त्या संध्याकाळपासून त्याने कारचे व्हिडिओ बघणं बंद केलं आणि मोठ्या मुलांच्या स्ट्रॉलरचे सुरू केले. असल्या गाड्या असतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार, छातीला पट्टे, पाय ठेवायला पाटी, आणि माप पाहिजे तसं वाढवता येतं. जेवताना तो मला सांगायचा, "हिचं टर्निंग बघ. जागच्या जागी वळते." आमटी वाढता वाढता मी बघायची.

पुण्याच्या एका विक्रेत्याने सांगितलं की आमच्या मॅडम नाशिकला येऊन दाखवतील. रविवारी सकाळी एका छोट्या कारमधून एक तिशीतल्या बाई उतरल्या आणि त्यांनी डिकीतून घडी घातलेली गाडी काढली. माझ्या सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या निफाडकडच्या. आयुष्य द्राक्षाच्या बागेत गेलं, आता आमच्याकडे असतात. त्यांना कोणी काही विकायला आलं की आधी संशय येतो.

"एवढीशी हाय?" त्या म्हणाल्या.

मॅडमनी खटका दाबला आणि गाडी फटकन उघडून उभी राहिली. सासूबाई एक पाऊल मागे सरल्या. लेक माझ्या मांडीवर होती, ती खिदळायला लागली. मॅडमनी गाडी मिटली, पुन्हा उघडली. लेक पुन्हा. असं बराच वेळ चाललं. आपण गाडी विकायला आलोय हे मॅडम स्वतःच विसरल्या असाव्यात.

मग माप घ्यायचं होतं. कमरेची रुंदी, पाठीची उंची, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. टेप कमरेला लागली की लेकीला गुदगुल्या, गुदगुल्या झाल्या की हसू, हसू आलं की अंग ताठ, आणि ताठ अंगाचं माप चुकीचं येतं. नवरा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "रीडिंग स्थिर होत नाहीये." झालं. त्यावर मी आणि मॅडमसुद्धा हसायला लागलो. शेवटी लेक हसून हसून दमली, तिला उचक्या लागल्या, अंग सैल पडलं, आणि त्या दोन उचक्यांच्या मधे मॅडमनी माप उरकलं.

मग तिला गाडीत बसवून पट्टे लावले आणि मॅडम बाजूला झाल्या. ती सरळ बसली होती. मान सरळ, पाठ सरळ, हात समोर. अशी बसलेली मी तिला कधी पाहिलीच नव्हती. ती आधी माझ्याकडे बघायची ती माझ्या खांद्यावरून किंवा उशीवरून. आता खोलीत कोण कोण आहे हे ती एखाद्या पाहुणीसारखी बघत होती.

"माय, किती मोठी दिसतीस गं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

नवऱ्याला रस्त्यावर ट्रायल घ्यायची होती. आम्ही सगळे खाली आलो. लेकीला घेऊन त्याने गल्लीच्या टोकापर्यंत दोन चकरा मारल्या, गतिरोधकावरून नेलं, खड्ड्यातून नेलं, ब्रेक लावून बघितला. मग त्याने विचारलं, "वजन किती घेते?"

"पंचाहत्तर किलोपर्यंत," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे मी बसलो तर चालेल."

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याने लेकीला माझ्याकडे दिलं आणि खरंच बसला. गुडघे छातीशी घेऊन, पट्टे लावून. मॅडमनी त्याला ढकललं. आमच्या गल्लीत रविवारी सकाळी माणसं गाड्या धूत असतात. त्यांनी पाइप हातात धरून हे पाहिलं. लेकीला बापाचं हे रूप झेपेना. ती इतकी ताठ झाली की मला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं.

तो उतरला तर सासूबाई म्हणाल्या, "मी बशीन."

"आई, अहो, तुम्ही कशाला," मी म्हणाले.

"का? मला काय झालं? पोरीला कुठं टोचतं का, ते नको बघायला?"

त्या बसल्या. डोक्यावर पदर घेतला, पिशवी मांडीवर ठेवली आणि लेकाला म्हणाल्या, "चल देवळापत्तुर." तो त्यांना कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत घेऊन गेला. त्यांनी बसल्या बसल्या देवाला हात जोडले आणि दोघं परत आले. "डाव्या बाजूला पट्टा जरा काचतो," त्यांनी मॅडमना सांगितलं. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि लेकीच्या गाडीला तिथे मऊ कापड लावून देते म्हणाल्या.

एक शेवटची परीक्षा राहिली होती, ती माझी. लेकीला शाळेत आणि थेरपीला मीच नेते, रिक्षाने. गाडी रिक्षात बसली पाहिजे. आम्ही स्टँडवर गेलो. पहिल्या रिक्षात मागच्या सीटमागे घडी करून ठेवली तर चाक वर येत होतं. दुसऱ्या रिक्षावाल्या दादांनी सांगितलं की त्यांच्या रिक्षाला मागे जागा जास्त आहे. तिसरे म्हणाले, उलटी टाका. मग चौघं मिळून एका गाडीला उलट-सुलट करायला लागले. मॅडम मधे उभ्या राहून "खटका ओढू नका, दाबा" म्हणत होत्या. गाडी एकदा भलत्याच वेळी फटकन उघडली आणि एक दादा रिक्षातच अडकून बसले. अखेर हँडल आधी आत घालायचं हे कळलं. त्यानंतर ती कमी जागेच्या आणि जास्त जागेच्या, दोन्ही रिक्षांत बसली, आणि गिऱ्हाईक येऊन ताटकळत होतं त्यानेही टाळ्या वाजवल्या.

रंग लेकीने निवडायचा होता. ती बोलत नाही. हो असेल तर डोळे वर करते, नाही असेल तर घट्ट मिटते. राखाडी, निळा आणि पिवळा असे तीन होते. मला राखाडी हवा होता, मळखाऊ. मी कापडाचे तुकडे एकेक करून समोर धरले. राखाडीला डोळे मिटले. निळ्याला मिटले. पिवळा स्कूलबससारखा होता, बघूनच डोळे दिपत होते. तिने डोळे असे वर केले की नुसतं पांढरं दिसायला लागलं.

"नीट बघ हं. राखाडी?" मी परत विचारलं.

मिटले.

"निळा छान आहे की नाही?"

मिटले, आणि आता तोंडही वाकडं.

"तिचं ठरलंय," नवरा म्हणाला. "तुझं चालू दे."

मग किंमत. आम्हाला अंदाज होता, तरी कागदावर सगळं जोडून आलं तेव्हा मी तो आकडा दोनदा वाचला. स्कूटर येते तेवढ्यात. मी स्वयंपाकघरात चहाच्या निमित्ताने गेले. नवरा मागून आला.

"गाडीचं खातं मोडू," तो म्हणाला.

"अहो, पण तुमची कार?"

"गाडीच घेतोय ना?" तो असं म्हणाला आणि मला वाटलं तो मला बरं वाटावं म्हणून बोलतोय. म्हणून मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तो खरंच खूश होता. इतकी वर्षं शोरूमच्या काचेतून बघणाऱ्या माणसाला शेवटी एक ट्रायल घेऊन, सौदा करून, गाडी बुक करता येत होती. बाहेर जाऊन त्याने मॅडमशी घासाघीसही केली आणि पावसाचं कव्हर फुकट मिळवलं. उन्हाचं छप्पर मात्र वेगळं होतं. त्यावर सासूबाई उठल्या, आतून फोन घेऊन आल्या, मॅडमच्या फोनवरचा चौकोन हात लांब करून स्कॅन केला आणि म्हणाल्या, "छप्पर आजीचं. पोचले का बघा."

"पोचले, आजी."

"मंग झालं."

बँकेत दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, मुदतीआधी का मोडताय. "गाडी घेतोय," नवरा म्हणाला.

"अरे वा. कोणती?"

"पिवळी," तो म्हणाला.

त्या आणखी काही ऐकायला थांबल्या. त्याने सही करून फॉर्म पुढे सरकवला. मला हसू आवरेना, मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. बाहेर येऊन आम्ही दोघंही पायरीवर बसून हसलो, आणि मग कामावर उशीर झालाच आहे तर होऊ दे म्हणून मिसळ खायला गेलो. किती वर्षांनी आम्ही दोघंच कुठे काही खायला गेलो होतो.

गाडी आली ती सासूबाईंनी आधी दारात थांबवली. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ आणि चाकाखाली लिंबू. कोणतीही नवी गाडी लिंबावरून गेली पाहिजे. नवऱ्याने लेकीला बसवून ढकललं, पण चाक रबराचं, लिंबू घट्ट. ते चिरडायचं सोडून नुसतं पुढे पळायचं. तीनदा असं झालं. शेवटी सासूबाईंनी खाली बसून लिंबू हाताने धरून ठेवलं आणि त्यांच्या लेकाने जोर लावला. सगळा रस त्यांच्या साडीवर उडाला.

पुढच्याच आठवड्यात पिंपळगावला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं, हायवेवरच्या एका लॉनवर. लग्नात आमची पाळी ठरलेली असायची: एकाने लेकीला घेऊन नवरीच्या खोलीत पंख्याखाली बसायचं, दुसऱ्याने आहेर करून पटकन जेवून यायचं. वरात आम्ही कधी पाहिली नव्हती, ऐकली होती. या वेळी आम्ही गेलो तेव्हा बँडवाले सूर लावत होते आणि नवरदेव घोड्यावर चढत होता. नवरा मला विचारत बसला नाही. गाडी घेऊन तो सरळ गर्दीत शिरला. मी मागे धावले, "अहो, आवाज फार आहे, ती घाबरेल."

ती घाबरली नाही. ढोल घुमला तशी ती एकदा दचकली, आणि मग तिचं तोंड जे उघडलं ते मिटेचना. माझे मामा, मावसभाऊ, द्राक्षवाले, कांदेवाले, सगळे तिच्याभोवती नाचत होते. तिचा बाप गाडी जागच्या जागी गोल फिरवत होता. ते टर्निंग त्याने जेवताना मला कितीदा दाखवलं होतं. घोड्यालाही एवढी जागा मिळाली नसेल. एका आत्याने मला धरलं आणि म्हणाली, "तू काय बघत उभी? हात मोकळे हायेत ना?"

मी हातांकडे पाहिलं. पर्ससुद्धा गाडीच्या मागच्या जाळीत होती. मग मी पदर खोचला आणि नाचले. मला नाचता येत नाही आणि त्या गर्दीत कोणालाच येत नव्हतं.

लॉनच्या दारात वरात पोचली तोवर लेकीच्या केसांत चमकी भरली होती आणि तिला उचक्या लागल्या होत्या. आम्ही तिघं आणि सासूबाई एकाच टेबलाशी जेवायला बसलो. मी लेकीला जिलबीचा पाक बोटाने चाटवला आणि स्वतः दोन जिलब्या खाल्ल्या, तिसरी नवऱ्याच्या ताटातून उचलली. सासूबाई समोरच्या अनोळखी बाईंना सांगत होत्या की गाडी त्यांनी स्वतः बसून पाहिली आहे, एकदम आरामशीर हाय, आणि छप्पर त्यांचं आहे.