आतोबा आणि त्यांचे तिघे

समाज म्हणजे काय, हे अख्ख्या पोलादपूर पंचक्रोशीत आमच्या आतोबांइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि समाजात वागावं कसं, हे त्यांच्याइतकं कमीही कुणाला कळत नव्हतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, गावच्या शाळेतले मास्तर; मी त्यांच्याच घरी शिकायला होतो. मुंबईहून त्यांनी तीन जाडजूड ग्रंथ आणले होते, एका फ्रेंचाचा, एका इंग्रजाचा आणि एका जर्मनाचा. फ्रेंच म्हणे, समाज माणसाच्या बाहेर असतो आणि बाहेरून त्याला दाबतो. इंग्रज म्हणे, समाज हे शरीर आणि आपण त्याचे अवयव. जर्मन म्हणे, ते राहू द्या, आधी जमीन कुणाची ते सांगा. तिघांत खरा कोण, हे ठरवल्याशिवाय मरायचं नाही, असा आतोबांचा निश्चय होता. लग्नात मानाच्या विड्यावरून जुंपली की लोक सोडवायला धावत; आतोबा पेन्सिल काढत. एकदा दोन्ही पक्ष दमून गप्प झाले, तर म्हणाले, "थांबलात का? माझा इंग्रज अजून तपासायचा राहिलाय!"

महाडच्या तळ्याच्या पाण्यावरून सगळा मुलूख तापला, त्या वर्षी आतोबा वेशीबाहेरच्या वाडीत एका घरी पाणी प्यायले आणि गावकीच्या बैठकीत येऊन तसं सांगितलंही. गावकी म्हणाली, माफी मागा. "तहान लागली, पाणी प्यायलो. माफी कसली?" झालं, घर वाळीत पडलं. न्हावी येईना, चुलीला विस्तव मिळेना, बोलेल त्यालाही तीच शिक्षा. आतोबा खूश! "फ्रेंच खरा रे, दाब कळतोय," वाढलेली दाढी खाजवत ते मला म्हणाले. इंग्रज मागे पडला, कारण अवयव तोडूनही शरीर मजेत जेवत होतं. मग लावणी आली. एकमेकांच्या शेतात राबल्याशिवाय आमच्याकडे भात लागत नाही. आतोबांच्या बांधावर कुणी फिरकेना, तेव्हा जर्मनाने उचल खाल्ली. "त्या तिघांनाच बोलवा की चिखलात!" आत्या कडाडली आणि पदर खोचून एकटीच उतरली. मागोमाग आतोबाही उतरले.

तेव्हा पलीकडच्या बांधावरून शेजारचा धोंडू आपल्या म्हशीला मोठ्याने सांगू लागला, "चंद्रे, रोप येवढं खोल रोवू नको गो, कुजंल." आतोबांनी रोप वर घेतलं आणि आपल्या बैलाला विचारलं, "पाणी किती ठेवायचं रे, ढवळ्या?" उत्तर म्हशीला मिळालं. असं दोन वर्षं चाललं. पाऊस, ताप, धोंडूच्या मुंबईतल्या मुलाचं पत्र, सगळं जनावरांमार्फत. आतोबांनी तिन्ही ग्रंथ पालथे घातले. गावाचा शब्द पाळता पाळता माणूस तोच शब्द असा कसा मोडतो, हे एकानेही लिहिलं नव्हतं.

मग धोंडू तापाने गेला. वाळीतल्या माणसाने तिरडीला हात लावायचा नसतो. आतोबा सरळ अंगणात शिरले. गावकीचे चौघे आडवे आले. "माफी मागा, मास्तर, मग खांदा द्या."

"माफी मागणार नाही, आणि खांदा दिल्याशिवाय जाणारही नाही." आवाज असा होता की मीच घाबरलो.

धोंडूची बायको रडता रडता म्हणाली, "येऊ द्या त्यांना. रोजचं बोलनं होतं दोघांचं."

"बोलायचं नाय, असं ठरलं होतं ना?" एक म्हातारा म्हणाला.

"म्हशीसंगं बोलायचे. तुमाला म्हायत नव्हतं काय?"

सगळ्यांना माहीत होतं. आडवे आलेले बाजूला झाले, आणि आतोबांनी खांदा दिला.

दुसऱ्या दिवसापासून गाव बोलू लागलं. न्हावी आला, जेवणाची आमंत्रणं आली. आतोबा सगळ्यांना नीट उत्तरं देत, पण शेतावरून लवकर परतत. ग्रंथांकडे तर बघतही नसत. मी कारण विचारलं. ते ढवळ्यापुढे वैरण टाकू लागले. मग म्हणाले, "दोन वर्षं रोज बोललो रे. एकदा त्याच्या तोंडाकडे बघून 'धोंडू' अशी हाक मारायची राहिली."