चोखा आणि चोख्खा

आमच्या भाऊजींइतकं मातीवर प्रेम करणारा माणूस उभ्या सुरतेत दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या वहिनीची मला दया येते. माझे हे धाकटे दीर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात शेताशेतांतून माती गोळा करत फिरायचे. गच्चीवर माझ्या कुरडया उन्हात, त्यांची माती सावलीत. ती चाळायला माझीच पिठाची चाळणी. चाळलेली माती श्रीखंडाच्या डब्यांत. एकदा पाहुण्यांपुढे मी ऐटीत डबा उघडला, तर भाऊजी शांतपणे म्हणाले, "वहिनी, ही पांडेसऱ्याची. इच्छापोरची मागच्या डब्यात आहे." पंगतीत भात आला की मुलीचं गोत्र विचारावं तसं ते वाढप्याला विचारत, "हा कुठल्या पाण्यावरचा?" मग आमचे हे म्हणत, "अरे, जेव गुपचूप. तुला काय सोयरीक जमवायचीय?"

आम्ही हसायचो. नव्वदीच्या सुरुवातीला एका दिवाळीनंतर हसणं बंद झालं. बमरोलीच्या बाजूला भाऊजींचे एक शेतकरी स्नेही होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांचं भाताचं शेत खाडीकाठी, आणि खाडीत रंगाच्या गिरण्यांचं पाणी. त्या शेतातली माती आणि तांदूळ दोन्ही भाऊजींनी तपासून आणले, आणि त्या रात्री ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी काकांच्या नातवाचं उष्टावण होतं. पहिला घास अर्थातच घरच्या तांदळाच्या खिरीचा.

आम्ही पोचलो तेव्हा तांदूळ निवडून ठेवलेले होते. भाऊजी दारातच त्यांच्या खानदेशी गुजरातीत म्हणाले, "काका, चोखा चोख्खा नथी." गुजरातीत चोखा म्हणजे तांदूळ आणि चोख्खा म्हणजे स्वच्छ. काकी दुखावल्या. त्यांनी सूपच पुढे केलं. "में जाते वीण्या छे. एक कांकरो बतावो." स्वतः निवडलेत, एक तरी खडा दाखवा. सगळे हसले. मास्तरांना तांदळात खडे दिसले म्हणे.

भाऊजी काकींजवळ जमिनीवर बसले आणि जमेल तशा गुजरातीत समजावू लागले. यात कॅडमियम नावाचा धातू आहे. तो निवडून जात नाही, धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही. वर्षानुवर्षं खाल्ला की मूत्रपिंडांत जाऊन बसतो.

"पण पीक तर सगळ्या शिवारात माझंच उजवं," काका म्हणाले.

"पिकाला काही होत नाही, काका. खाणाऱ्याला होतं."

काकींनी सुपाकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, "मग छोकराला काय देऊ?"

भाऊजींनी पिशवीतून डबा काढला. डांगच्या डोंगरातले तांदूळ होते, तपासलेले. काकींनी सूप बाजूला सारलं आणि नवी खीर रटरटेपर्यंत सगळी पंगत थांबली. खीर झाल्यावर काकांनी नातवाला उचलून भाऊजींच्या मांडीवर ठेवलं. "तमे खवडावो," तुम्हीच भरवा. भाऊजींनी पहिला घास भरवला. दुसऱ्याच्या चार पिढ्यांच्या मातीला तिच्याच अंगणात बसून वाईट म्हणायचं, आणि तेही मातीवर असा जीव असलेल्या माणसाने. त्या दिवसापासून मी त्यांच्या वाटेला गेले नाही. चाळणी नवी आणली.

पुढच्या हंगामात काकांनी त्या शेतात झेंडू लावला. बघायला गेलो तर बांधापर्यंत सगळं पिवळंधमक. मी म्हटलं, "छान आलाय." भाऊजींनी मान हलवली.

"भात फुलोऱ्यात असला की इथं वास यायचा, वहिनी," ते म्हणाले, आणि वाऱ्याकडे तोंड करून कितीतरी वेळ उभे राहिले.