मल्लम्माचं उघडं पातेलं

मल्लम्मा माझ्या अंगणात माशाच्या कालवणाची चूल मांडते त्याला या डिसेंबरात अकरा वर्षं झाली. पहिल्या दिवसाची नोंद डायरीत आहे: थंडी कडक, मरळ चार, गिऱ्हाईक तीन.

माझं घर देगलूरच्या मोंढ्यामागे, शिक्षक आणि कारकुनांच्या कॉलनीत, अगदी कोपऱ्यावर. उजाडता उजाडता मोंढ्यात धान्याच्या गाड्या लागतात. पोती उतरवायला जाणारे हमाल हिवाळाभर आधी मल्लम्मापाशी थांबतात, उकिडवे बसून कालवणात भाकरी चुरतात आणि मग पाठ ओझ्याखाली देतात. मार्गशीर्षातले गुरुवार ती स्वतःहून सोडते. कुणी सांगितलेलं नाही.

मल्लम्मा सीमेपलीकडून, तेलंगणातून सून म्हणून आली. नवरा भोई, मांजरा नदीवर मासे धरायचा. त्याने बोधनला दुसरा संसार मांडला आणि जाळं मागायला परत आला, तेव्हा हिने त्याला दारातूनच सांगितलं की बायको बदलता येते, जाळं मिळणार नाही. ते जाळं तिने भावाला दिलं. तो आजही पहाटे धरलेली मरळ ओल्या पोत्यात घालून मोटारसायकलवर आणतो. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत असते. पोतं अंगणात हलत असतं.

तिची पद्धत मी पुष्कळदा पाहिली आहे. मासा राखेने घासायचा, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. चिंचेचा कोळ, भाजलेला कांदा, लसूण, लाल मिरची, आणि दाटपणाला ज्वारीच्या कण्या. ती त्याला पुलुसू म्हणते, हमाल कालवण म्हणतात. मासा पडला की पळी घालायची नाही. दोन फडक्यांनी पातेलं धरून गोल हलवायचं, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. आणि झाकण कधीच ठेवायचं नाही.

यंदा दिवाळीनंतर समोरच्या प्लॉटवरच्या नव्या दुमजली बंगल्यात लोक राहायला आले. त्या लोकांनी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वासाची तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी दत्तोपंत आले. ते कॉलनीचे अध्यक्ष आणि माझ्या यजमानांचे जुने सहकारी, त्यांना दादा म्हणणारे. चहा घेऊन म्हणाले, "वहिनी, चूल काढा असं कुणी म्हणत नाही. नुसतं झाकण ठेवायला सांगा."

मला ते रास्त वाटलं. सिकंदराबादच्या नन्सच्या शाळेत मी वाढले. आवाज चढू न देता वाद मिटवणं तिथे अंगी बाणवलेलं. मी भांड्यांच्या दुकानात जाऊन मापाचं, घट्ट बसणारं झाकण आणलं.

मल्लम्माने ते उलटंसुलटं करून पाहिलं. माझ्या शब्दाखातर सकाळी ते पातेल्यावर ठेवलं.

शिजल्यावर तिने झाकण उचललं, रस्सा चाखला आणि थांबलेल्या हमालांना सांगितलं, "आज न्हाई." सगळं कालवण शेवग्याच्या बुडाशी ओतलं. त्यांच्यातले सगळ्यांत म्हातारे शेषेराव नुसत्या चहावर पोती उचलायला गेले. मल्लम्मा पातेलं घासत राहिली. मी जवळ गेले तेव्हा मान वर न करता म्हणाली,

"झाकणात वास कोंडतो बाई, त्यो रश्शात उतरतो. उघडं शिजवलं की वर जातो. वर गेलेला वास ह्यांना चालत न्हाई, म्हणून मी हमालाला खराब खाऊ घालू?"

त्या तारखेला मी डायरीत लिहिलं: चूक माझी.

रविवारी मंदिराच्या सभामंडपात बैठक होती. ठराव तयारच होता: झाकण, नाहीतर चूल बंद. जागेची मालकीण म्हणून माझी सही हवी होती. मल्लम्माला बोलावलं नव्हतं. ती आली, हातात ते झाकण घेऊन, आणि खांबाशी उभी राहिली. बंगलेवाल्यांनी तिला बाजारात जाऊन विकायला सुचवलं. ती म्हणाली, "बाजारात बी वर आभाळच हाय."

दोघं-तिघं हसले. दत्तोपंत हसले नाहीत. त्यांनी समजावलं की एवढा ताठा बरा नव्हे, मधला मार्ग काढला आहे, तोही वहिनींच्या खर्चाने.

"ताठा न्हाई, मालक," मल्लम्मा म्हणाली. "अकरा हिवाळे तुम्ही ह्याच वासातून फिरायला जाऊन राहिला. नाकाला रुमाल एकदा बी बघितला न्हाई. चूल विझवायची तर विझवा. झाकण मी ठेवणार न्हाई."

दत्तोपंतांनी कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी ठराव पुन्हा नीट वाचला, सवयीने एक अनुस्वार दुरुस्त केला, आणि खाली लिहिलं: अमान्य. सही केली, तारीख घातली.

"वहिनी, दादा असते तर..."

"ते असते तर तुम्ही त्यांनाच विचारलं असतं, मला नाही," मी म्हणाले. "ते नाहीत. जागा माझ्या नावावर आहे आणि चूल माझ्या अंगणात आहे."

माझा आवाज चढला होता. चढू दिला.

संध्याकाळी ग्रुपवर नगरपालिकेत अर्ज देण्याची भाषा आली. मी मल्लम्माला वाचून दाखवली. तिने विचारलं, नगरपालिकेतली माणसं सकाळी किती वाजता येतात, म्हणजे त्यांच्यासाठी भाकरी जास्त टाकायला बरं.

सोमवारी थंडी आणखी वाढली होती. मल्लम्माने चूल रस्त्याकडे हातभर पुढे सरकवली. लाकडं दमट होती. ती त्या नव्या झाकणाने वारा घालत होती. शेषेराव पहिल्या पंगतीला. पातेलं उघडं, वाफ सरळ वर, आणि वास बंगल्याच्या गच्चीपर्यंत.

दत्तोपंत फिरायला निघाले, कानांवरचा मफलर नाकापर्यंत ओढून. फाटकाशी आले तेव्हा मल्लम्माने वारा घालणं थांबवलं.

"रुमाल आज बांधला व्हय, मालक?" तिने विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "हाव, थंडी लई हाय."

आणि पुन्हा वारा घालू लागली.